आधी पगारपत्रक, मग मतपेटी

१९६१चा डिसेंबर गोव्यात कुणाला सांगावा लागत नाही. पण त्याच महिन्याच्या ५ तारखेला, काँगोतल्या एलिझाबेथव्हिल शहराजवळ कटांगाच्या फुटीरांनी अडवलेला रस्ता मोकळा करताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले, हे फारसे कुणाला आठवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना परमवीर चक्र मिळालेले ते एकटेच. त्याच दिवसांत भारतीय हवाई दलाची कॅनबेरा विमाने कोल्वेझीच्या धावपट्टीवर मारा करत होती आणि दोन आठवड्यांत त्याच जातीची विमाने गोव्याच्या दाबोळी विमानतळावर आली. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताने गोव्यातून सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला. बाजूने सात मते पडली, विरोधात चार. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो बारगळला. एकाच पंधरवड्यात भारत संयुक्त राष्ट्रांचा शिपाई होता आणि त्यांच्या दरबारातला आरोपीही.

तेव्हापासून इथे या संस्थेबद्दल दोन मते घट्ट बसली आहेत. एका मतानुसार संयुक्त राष्ट्रे म्हणजे ठराव दळणारी गिरणी. भाऊबंदकीत जळणाऱ्या परक्या देशात आपली पोरे पाठवायचीच कशाला? दुसऱ्या मतानुसार निळे शिरस्त्राण हा देशाचा मान आहे, बोलावणे आले की जावे. आजवर २ लाख ९० हजारांच्या आसपास भारतीय अशा मोहिमांवर गेले. त्यातले पावणेदोनशेहून अधिक परतले नाहीत, आणि इतके बळी दुसऱ्या कुठल्याच देशाने दिलेले नाहीत. तेव्हा प्रश्न हौसेचा नाही. पण पाठवावे की नाही, एवढ्यावरच वाद घालणे म्हणजे घर बांधायचे की नाही यावर भांडायचे आणि जमीन कुणाच्या नावावर आहे ते विचारायचे नाही, असे झाले. तिथे पोचल्यावर कोणते काम आधी करायचे, कोणते नंतर, आणि कोणत्या कामाचे पैसे कुणाच्या खिशातून यायचे, हे ठरले नसेल तर दहा हजार सैनिकही कमी पडतात.

याचा पुरावा गोव्याला ओळखीच्या दोन देशांत सापडतो. मोझांबिकचा कारभार १७५२ सालापर्यंत गोव्यातून चालत असे. आपण खातो त्या मोसंबीचे नावही त्या देशावरून आले असे मानतात. बैरा आणि लोरेंसु मार्किश, म्हणजे आजचे मापुतो, इथल्या कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत गोमंतकीयांच्या पिढ्या गेल्या. स्वतंत्र मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार आक्विनो द ब्रागांसा जन्माने गोमंतकीय. १९८६च्या ऑक्टोबरात ज्या विमान अपघातात माशेल गेले त्यातच तेही गेले. अंगोला तितका जवळचा नाही, पण राज्यकर्ता तोच, कागदपत्रांची भाषा तीच आणि स्वातंत्र्याचे वर्षही तेच, १९७५. दोन्हीकडे स्वातंत्र्यापाठोपाठ यादवी पेटली. मोझांबिकमध्ये फ्रेलिमोच्या सरकारविरुद्ध रेनामो, आणि तिच्यामागे आधी ऱ्होडेशिया, मग दक्षिण आफ्रिका. अंगोलात क्युबाच्या फौजांच्या आधाराने उभे असलेले सरकार विरुद्ध जोनास सव्हिंबींची युनिता, तिच्या पाठीशी दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका. शीतयुद्ध संपता संपता दोन्हीकडे करार झाले: अंगोलाचा ३१ मे १९९१ रोजी पोर्तुगालमधल्या बिसेसला, मोझांबिकचा ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोमला. पुढे मात्र एकीकडे युद्ध थांबले, दुसरीकडे आणखी दहा वर्षे चालले.

अंगोलात संयुक्त राष्ट्रांनी पाठवले ३५० निःशस्त्र लष्करी निरीक्षक आणि १२६ पोलीस निरीक्षक. देशाचे क्षेत्रफळ साडेबारा लाख चौरस किलोमीटरच्या घरात. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा; म्हणजे अंगोलात सुमारे ३३७ गोवे मावतात. हिशेब करून पाहा: पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत आणि मोल्यापासून मुरगावपर्यंत सगळ्या गोव्यामागे एक निरीक्षक, तोही बिनबंदुकीचा, आणि रस्त्याकडेला सुरुंग पेरलेले. मोहिमेच्या प्रमुख मार्गारेट ॲन्स्टी यांनी याचे वर्णन, जंबो विमान उडवायला दिले आणि इंधन मात्र छोट्या डकोटा विमानापुरते, असे केले होते.

पण संख्येवर बोट ठेवून थांबलो तर खरे दुखणे हाती लागत नाही. निरीक्षकांना दिलेले कामच विचित्र होते. शस्त्रसंधीवर देखरेख करायची ती दोन्ही पक्षांच्या संयुक्त समितीने. संयुक्त राष्ट्रांनी फक्त ती देखरेख नीट होते की नाही हे पाहायचे. तपासनिसाचा तपासनीस! समिती बसली नाही, किंवा बसून भांडली, तर त्याची नोंद करण्यापलीकडे निरीक्षकाच्या हातात काही नव्हते. दोन्हीकडचे सैनिक छावण्यांत गोळा करून, शस्त्रे काढून, काहींचे एकत्र सैन्य उभारायचे आणि उरलेल्यांना घरी पाठवायचे, असे ठरले होते. छावण्यांत अन्न वेळेवर पोचेना. सरकारी सैनिक कंटाळून आपले आपणच पळाले. युनिताने आपली माणसे शिस्तीत, शस्त्रांजवळ राखली. सरकारने दुसरीकडे करारात न बसणारे दंगलविरोधी पोलीस दल वाढवले. तरीही निवडणुकीची तारीख हलली नाही. २९ आणि ३० सप्टेंबर १९९२ रोजी मतदान झाले आणि जुनी दोन सैन्ये कागदावर विसर्जित झाली ती २७ सप्टेंबरला. दोन दिवस आधी!

मतदान नव्वद टक्क्यांच्या वर गेले. लोकांनी आपले काम चोख केले. सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष दोस सांतुश यांना ४९.५७ टक्के मते मिळाली, सव्हिंबींना ४०.०७. पन्नास टक्के कुणालाच नाहीत म्हणून दुसरी फेरी व्हायची होती, ती कधी झालीच नाही. सव्हिंबींनी निकाल नाकारला, ऑक्टोबर संपता संपता लुआंडाच्या रस्त्यांवर गोळ्या चालू लागल्या, आणि त्यानंतरचे युद्ध आधीच्या युद्धापेक्षा भीषण निघाले.

इथे एक प्रश्न गोव्याच्या वाचकाने स्वतःच्या इतिहासातून विचारावा. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात, गोवा महाराष्ट्रात विलीन करावा म्हणणारे ३४,०२१ मतांनी हरले. इथल्या मराठीप्रेमी घरांत ती जखम किती खोल होती हे वेगळे सांगायला नको. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला होता. पण मार्चअखेर विधानसभेची निवडणूक झाली आणि त्यांचाच मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष तीसपैकी १६ जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला. हरलेल्यांसाठी सव्वादोन महिन्यांत दुसरे दार उघडले. शांततेने पार पडलेल्या कौलाची तुलना यादवीशी करणे ताणलेले आहे, मान्य. पण यंत्रणा तीच असते: या डावात हरलो तरी पुढचा डाव आहे, तोवर पोटापाण्याचे काय हे ठाऊक आहे, आणि समोरच्याच्या हातात माझ्या घरावर रोखलेली बंदूक नाही. अंगोलात यातले एकही नव्हते. राष्ट्राध्यक्षपद जिंकणाऱ्याला तेल, सैन्य, प्रांतांचे राज्यपाल, सगळे मिळणार होते. हरणाऱ्याला काहीच नाही. (आपल्याकडे नाराजाला निदान एखादे महामंडळ तरी मिळते. त्याची आपण टिंगल करतो; अंगोलात त्याची किंमत कळली असती.)

मोझांबिकमधले संयुक्त राष्ट्रांचे दूत आल्दो अयेल्लो यांनी अंगोलाची राख डोळ्यांसमोर ठेवून काम सुरू केले. तिथेही सुरुवात रडतखडतच झाली. करार ऑक्टोबर १९९२चा, सुरक्षा परिषदेचा ठराव १६ डिसेंबरचा आणि सैन्य पुरते तैनात व्हायला १९९३चा मे उजाडला. निवडणूक ऑक्टोबर १९९३मध्ये ठरली होती. अंगोलाच्या चालीने गेले असते तर ती कशीबशी उरकून टाकली असती. तसे न करता ती पूर्ण एक वर्ष पुढे ढकलली, कारण सैनिक अजून छावण्यांत आलेच नव्हते. मोहिमेचा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय कोणता असे विचारले तर हा. देणगीदार देश चिडले, खर्च वाढला, वर्तमानपत्रांनी दिरंगाई म्हणून झोडपले. दिरंगाईच ती, पण मतपेटी बंदुकीच्या आधी आली असती तर काय झाले असते, हे अंगोलात दिसत होते.

सैनिकांची संख्या साडेसहा हजारांच्या आसपास. मोझांबिक आठ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे एका गोव्यामागे तीसेक सैनिक. तीस माणसे गोव्याला धाकात ठेवू शकत नाहीत. ती धाकासाठी नव्हतीच. बैरा बंदरापासून झिंबाब्वेकडे जाणारा रस्ता आणि लोहमार्ग, असे वाहतुकीचे पट्टे त्यांनी राखले, कारण अन्न आणि छावण्यांचे सामान त्याच वाटांनी जायचे होते. खरे काम ४९ छावण्यांत झाले.

छावणीचे काम कागदावर सोपे दिसते. सैनिक येतो, नाव नोंदवतो, शस्त्र जमा करतो, फोटो काढून ओळखपत्र घेतो. घरी जायचे की नव्या सैन्यात ते सांगतो. कुठल्या जिल्ह्यात राहायचे ते लिहून देतो. कपडे, शिधा, बियाणे, अवजारे घेऊन वाहनातून गावी जातो. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर घोडे अडते. छावण्यांच्या जागा दोन्ही पक्षांनी आपापल्या लष्करी सोयीने निवडल्या. कुठे पाणी नाही, कुठे रस्ता नाही, कुठे वाटेवर सुरुंग. पहिल्या छावण्या उघडायलाच ३० नोव्हेंबर १९९३ उजाडला. सैनिकाबरोबर बायकापोरे येतात आणि कुंपणाबाहेर झोपड्या पडतात. शिधा मात्र फक्त नोंदलेल्या माणसाचा. दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम ठरलेला असतो, तो महिन्यांवर जातो. प्रत्येक पक्ष दुसऱ्याची यादी पूर्ण झाल्याशिवाय आपली माणसे सोडत नाही. मग दंगे होतात. १९९४मध्ये कितीतरी छावण्यांत सैनिकांनी अधिकाऱ्यांना कोंडले, रस्ते अडवले, गोदामे फोडली. गंमत अशी की या दंग्यांनीच प्रक्रियेला वेग आला: सैनिकांना लढायचे नव्हते, घरी जायचे होते, आणि वरचे नेते त्यांना अडवून धरत होते. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत पाऊण लाखाच्या पुढे माणसे सैन्यातून मोकळी झाली. नव्या एकत्र सैन्यात तीस हजार भरायचे होते. स्वखुशीने आले ते जेमतेम बारा हजार. लढाईचा कंटाळा याहून स्पष्ट कसा दिसावा?

आणि पैसा. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला चोवीस महिन्यांचा पगार मिळायचा: पहिले सहा महिने सरकारकडून, पुढचे अठरा देणगीदारांच्या निधीतून. एकरकमी हातात ठेवला असता तर महिन्यात संपला असता किंवा जुन्या कमांडरने काढून घेतला असता. म्हणून निवडलेल्या जिल्ह्यातल्या बँकेच्या शाखेत ठरावीक मुदतीने वटवायच्या पावत्यांचे पुस्तक दिले. यातली युक्ती लक्षात घ्यावी. पैसे हवे तर माणसाला गावाजवळच राहावे लागते; जंगलात परत गेला तर पावती वाया. शिवाय पैसा कमांडरच्या हातून जात नाही, त्यामुळे त्या दोघांमधली दोरी तुटते. दोन वर्षे म्हणजे पिकांच्या दोनेक हंगामांचा काळ. तेवढ्यात जमीन कसायला लागली, लग्न झाले, पोर शाळेत गेले की माणूस सहसा उठून बंदूक घेत नाही.

रेनामोच्या नेतृत्वासाठी वेगळा निधी काढला, सुमारे १.७ कोटी डॉलरचा. कार्यालये, घरे, गाड्या, नेते अफोन्सो ध्लाकामांचा खर्च. गावे जाळणाऱ्या, पोरांना पळवून सैनिक बनवणाऱ्या संघटनेला संयुक्त राष्ट्रांच्या हातून पैसे! यावर संताप होणे साहजिक आहे, आणि तो आजही रास्त वाटतो. तरी हा निर्णय बरोबर होता. बंडखोर संघटनेकडे लढाई सोडून दुसरा धंदा नसतो. पक्ष व्हायचे तर कारकून लागतात, छपाई लागते, जिल्ह्याजिल्ह्यात खोली लागते. मतदानाच्या आदल्या रात्री ध्लाकामांनी बहिष्कार जाहीर केला तेव्हा त्यांना एका दिवसात परत आणता आले, कारण तोवर त्यांना गमावण्यासारखे काहीतरी होते. २७ ते २९ ऑक्टोबर १९९४ला मतदान झाले. फ्रेलिमोचे शिसानो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. अडीचशेच्या संसदेत फ्रेलिमोला १२९ आणि रेनामोला ११२ जागा. ज्यांना जग डाकू म्हणत होते त्या ध्लाकामांना प्रत्येक तीन मतदारांतल्या एकाने मत दिले होते.

याला दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही टाळण्यासारखे नाहीत. पहिला असा की सव्हिंबींकडे हिऱ्यांच्या खाणी होत्या, ध्लाकामांकडे काही नव्हते. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा आधार संपलेला, १९९२चा भयंकर दुष्काळ, रेनामोचे सैनिक उपाशी. अशा माणसाला निधी पुरतो. हिरेवाल्याला कुणाचा निधी पुरणार? हे खरे आहे. १९९४च्या लुसाका करारानंतर अंगोलात सात हजारांच्या घरात सैन्य गेले, त्यात भारतीय तुकडीही होती. तरी युनिताचे हिरे बाजारात जात राहिले तोवर काही फरक पडला नाही. हिऱ्यांवर निर्बंध आले ते १९९८मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस आणि १९९९च्या पहिल्या आठवड्यात वांबोजवळ संयुक्त राष्ट्रांची दोन विमाने पडली आणि फेब्रुवारीत मोहीम गुंडाळली. अंगोलाचे युद्ध संपले ते २००२च्या फेब्रुवारीत सव्हिंबी मारले गेल्यावर. यातून निघते ते एवढेच, की जिथे बंडखोराकडे स्वतःची खाण आहे तिथे निर्बंध सैनिकांच्या आधी पोचले पाहिजेत. सात वर्षांनी नव्हे.

दुसरा आक्षेप मोझांबिकबद्दलचा. त्याकडे शेवटी येतो.

पैसे वाटून शस्त्रे गोळा करणे वाटते तितके सरळ नाही, हे लायबेरियाने दाखवले. ७ डिसेंबर २००३ला मोनरोव्हियाजवळच्या छावणीत काम सुरू झाले. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक एकदम आले, पैसे त्याच दिवशी मिळतील अशी समजूत पसरलेली, सैन्य अजून अर्धेच आलेले. गोळीबार झाला, माणसे मेली आणि सगळे काम २००४च्या एप्रिलपर्यंत थांबवावे लागले. पुन्हा सुरू झाले तेव्हा पात्रतेची अट अशी: एक बंदूक आणा किंवा १५० गोळ्या. मिळणार तीनशे डॉलर, दोन हप्त्यांत. कमांडरांनी गोळ्यांच्या पेट्या फोडून भाच्या-पुतण्यांना वाटल्या. लाखाच्या वर ‘लढवय्ये’ नोंदले गेले आणि शस्त्रे जमा झाली २८ हजारांच्या आसपास. शिवाय ज्यांच्याकडून शस्त्र कमांडरने आधीच काढून घेतले होते अशा मुली आणि पोरे अटीत बसेनात. म्हणजे यादी आधी, तीही कमांडरच्या तोंडची नव्हे तर दोन्हीकडच्या माणसांसमोर पडताळलेली, मग छावणी, मग पैसे. आणि पैसे शस्त्राचे नव्हेत, माणसाचे. शस्त्राला भाव लावला की शस्त्रांचा बाजार उभा राहतो.

भारताने याचा अनुभव १९८७मध्ये स्वतःच्या अंगावर घेतला. श्रीलंकेत गेलेली आपली शांतिसेना संयुक्त राष्ट्रांची नव्हती. पण काम तेच होते, करार आणि शस्त्रे जमा करणे. २९ जुलैचा करार ज्यांनी लढायचे होते त्यांच्या सहीशिवाय झाला होता. तमिळ वाघांनी थोडी शस्त्रे दिली, बाकीची पुरून ठेवली. ऑक्टोबरात आपले सैनिक जाफन्यात लढू लागले आणि मार्च १९९०ला परत येईपर्यंत सुमारे बाराशे गमावले. शांतता करायला गेलेले सैन्य तिसरा पक्ष होऊन बसले.

जिथे करारच नाही तिथले काम वेगळे, आणि त्याला वेगळे नाव द्यायला हवे. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सासारखी ‘सुरक्षित क्षेत्रे’ राखायला ३४ हजार सैनिक लागतील असे १९९३मध्ये सांगितले गेले. परिषदेने मंजूर केले ७,६००. जुलै १९९५मध्ये तिथल्या मूठभर डच सैनिकांसमोरून सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे नेऊन मारले गेले. रवांडात वंशसंहार चालू असताना परिषदेने तुकडी २७०वर आणायचा ठराव केला. याउलट दक्षिण सुदानमध्ये डिसेंबर २०१३ला संयुक्त राष्ट्रांच्या तळांनी फाटके उघडली. पुढे दोन लाखांहून जास्त लोक त्या कुंपणांआड वर्षानुवर्षे जगले. त्याच महिन्यात अकोबोच्या तळावर आसरा घेतलेल्यांना वाचवताना भारतीय सैनिक मारले गेले. ते काम थोर होते, पण त्याने युद्ध संपत नाही, माणसे वाचतात. ठरावात दोन्ही कामे एकाच परिच्छेदात कोंबली की सैनिकाला नेमके कशासाठी मरायचे तेच कळत नाही.

आता पैशाचे गणित, कारण आपल्याकडच्या चर्चेत ते येतच नाही. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचे सैन्य नाही. परिषद ठराव करते, मग न्यूयॉर्कची कचेरी देशोदेशी विचारत फिरते, होकार देणाऱ्याचे पथक जागा पाहून येते, कुठली गाडी, कुठला जनित्र संच, कुठला दवाखाना कोण आणणार याचा करार होतो, जहाजे निघतात, पोचल्यावर आणि नंतर दर तिमाहीला सामान मोजले जाते आणि गाडी बंद असेल तर भाडे कापले जाते. सैनिकामागे सरकारला दरमहा ठरावीक रक्कम मिळते; २०२२ साली ती १,४४८ डॉलर झाली. हे पैसे येतात सर्व सदस्य देशांवर बसवलेल्या सक्तीच्या वर्गणीतून. मात्र बंदूक खाली ठेवलेल्या माणसाला गावी बसवण्याचा खर्च, ते पावत्यांचे पुस्तक, बहुधा ऐच्छिक देणग्यांवर सोडलेला असतो. म्हणजे पहारेकऱ्याचा पगार पक्का आणि ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याला कामाला लावण्याचे पैसे देणगीदाराच्या मर्जीवर. त्या माणसाला लागणारी रक्कम पहारेकऱ्याच्या रकमेचा अगदी छोटा हिस्सा असते, तरी तीच वेळेवर येत नाही. आणि आता सक्तीची वर्गणीही थकू लागली आहे: ऑक्टोबर २०२५मध्ये रोकड नसल्याने नऊ मोहिमांमधले सुमारे चौथाई सैनिक आणि पोलीस कमी करण्याचे जाहीर झाले.

भारताने सैनिक देण्यापूर्वी घालायची पहिली अट इथेच आहे: पुनर्वसनाची दोन वर्षांची रक्कम मोहिमेच्या सक्तीच्या अर्थसंकल्पात, ठरावाच्या दिवशीच. ती नसेल तर बटालियन नाही. दुसरी अट, निवडणुकीची तारीख पंचांगावरून नव्हे तर छावण्यांच्या यादीवरून. ती पुढे ढकलण्याचा अधिकार मोहिमेच्या प्रमुखाला. तिसरी, ठराव लिहिताना सैन्य देणारे देश टेबलावर. सनदेच्या ४४व्या कलमाने, सक्तीच्या कारवाईसाठी सैन्य मागताना त्या देशाला निर्णयात बसवायची तरतूद आहे. शांतिसेनेला ते कलम थेट लागू होत नाही हे खरे, पण न्याय तोच आहे: नकाराधिकार पाचांचा आणि पाय चिखलात दक्षिण आशियाचे, हे किती दिवस? सिएरा लिओनमध्ये मे २००० पासून दोनशेहून अधिक भारतीय सैनिक कैलाहुनला अडीच महिने वेढ्यात होते. त्यांना सोडवायला जुलैत मोठी कारवाई करावी लागली आणि त्यानंतर भारताने तुकडी काढून घेतली. निघण्याआधी अटी घालाव्यात, वेढ्यात बसल्यावर नव्हे.

अटी आपल्याही अंगावर यायला हव्यात. शांतिसैनिकाने गुन्हा केला तर खटला त्याच्या देशातच चालतो. मोझांबिकमध्ये इटालियन सैनिकांनी अल्पवयीन मुलींचे शोषण केल्याचे चौकशीत आढळले. शिक्षा म्हणजे घरी पाठवणी. हैतीत २०१०मध्ये नेपाळी तळाचे सांडपाणी नदीत गेले, त्या पटकीने दहा हजारांच्या आसपास माणसे मेली आणि संयुक्त राष्ट्रांना आपला वाटा कबूल करायला २०१६ उजाडले. शोषखड्डा नदीपासून किती दूर, टाकी कोण उपसतो, हे प्रश्न परेडच्या मैदानावर येत नाहीत. पण तळ उभारणाऱ्या देशाला ते विचारलेच पाहिजेत, आणि तो देश उद्या भारत असू शकतो.

आता मोझांबिकचा राहिलेला आक्षेप. १९९४ला जमा झालेली बरीच शस्त्रे नष्ट न करता नव्या सैन्याकडे दिली गेली, लपवलेले साठे पुरते तपासले गेले नाहीत, आणि ध्लाकामांनी आपले सशस्त्र अंगरक्षक राखले. पावत्यांची पुस्तके संपली, सैन्यातल्या रेनामोच्या अधिकाऱ्यांना बाजूला सारले गेले, निवृत्तिवेतनाचा प्रश्न लोंबकळत राहिला. २०१३मध्ये रेनामोने पुन्हा बंदुका उचलल्या. युद्ध पहिल्यासारखे पसरले नाही, पण मध्य मोझांबिकचा महामार्ग ताफ्याशिवाय ओलांडता येईना. (उत्तरेला काबो देल्गादोत २०१७पासून चाललेला रक्तपात निराळा, तिथे निळी टोपी नाही, रवांडाचे सैन्य आहे.) ६ ऑगस्ट २०१९ला मापुतोत नवा करार झाला. या वेळी शांतिसेना नव्हती; होता एक दूत, एक छोटे कार्यालय आणि पाच हजारांहून थोड्या अधिक माणसांची यादी. त्यातले कितीतरी पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी मागितले ते निवृत्तिवेतन, आणि सरकारने ते देण्याचा हुकूम २०२३मध्ये काढला. त्याच वर्षी जूनमध्ये वुंडुझीचा शेवटचा तळ बंद झाला. रोमच्या कराराला तेव्हा तीस वर्षे आणि आठ महिने झाले होते.